नगरच्या वाटेवरची साखर

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा सुरुवातीला आम्ही नुसते हसलो. आबा म्हणजे माझे वडील. दारात वाळत घातलेल्या घोंगडीला त्यांनी "या, बसा" म्हटलं, "कधी निघालात घरून?" असंही विचारलं. घोंगडी काही बोलेना. तेव्हा रागाने आत येऊन आईला म्हणाले, "तुज्या माहेरचं कोन आलंय बग. इच्यारलं तर तोंड उघडत न्हाई."

मग एका सकाळी बांधावरून त्यांचा पाय चुकला आणि ते खाचरात (भाताच्या वाफ्यात) आडवे झाले. हात मोडला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आमची वाडी अकोले तालुक्यात, पार पश्चिमेच्या डोंगरात. पावसाळ्यात भात पिकतो, तो घरच्या खाण्यापुरता. बाकीचं वर्ष आई-आबा 'खाली' जायचे. खाली म्हणजे मैदानात, ऊस-कांद्याच्या मुलखात मजुरीला. त्याच मजुरीवर मी बी.एस्सी. झाले. आमच्या अख्ख्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगत नाहीये, पण सांगून टाकते. आबांना दिसेना झालं तशी आई एकटी खाली जाऊ लागली. आबा ओट्यावर बसून राहिले. पावसाळ्यात आवणीला (भाताची रोपं लावायला) ते उतरले, तर त्यांची ओळ निघाली शेजारच्याच्या खाचरात. शेजारी भला माणूस. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, पीक माजं, कष्ट तुमचं." त्या दिवसापासून आबांनी आवणीलाही जायचं सोडलं.

आमच्याकडे आजारी पडायचं तर बाजाराच्या दिवशी पडावं, असं सगळे म्हणतात, कारण जीप त्याच दिवशी हमखास मिळते. बाकी दिवशी ताप आला तर त्याला थांबायला सांगतात. गावात डोळे तपासायचं शिबिर झालं, तेव्हा आबांना ऑपरेशनची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी होती नगरची. आमच्या डोंगरावर उभं राहिलं की नाशिक जिल्हा हाकेवर दिसतो, पण आम्ही नगर जिल्ह्यातले. त्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, लांबी मात्र पूर्वीचीच आहे. जिल्हा आखणाऱ्याने नकाशा टेबलावर अंथरला असणार आणि टेबल सपाट असणार.

पहिल्यांदा निघालो ते संक्रांतीच्या सुमाराला. आई गुरांपाशी राहिली. आबांनी पांढरा सदरा घातला, टोपी आधी उलटी आणि मग सुलटी घातली आणि जीपमध्ये बसताना ड्रायव्हरऐवजी स्टेपनीला नमस्कार केला. दवाखान्याचं काम सकाळी लवकर सुरू होतं. आमच्यासारख्यांना त्या वेळेला पोचायचं तर आदल्या दिवशी निघून नगरच्या आसपास मुक्काम करावा लागतो. मुक्काम आला की पाहुणे आले. आमच्यात पाहुणे म्हणजे नातेवाईक, आणि आबांचे पाहुणे थेट नगरपर्यंत वाटेवर पेरल्यासारखे आहेत.

संगमनेरला गाडी बदलायची होती. स्टँडसमोरच हौसामावशीचं घर. आईची ही थोरली बहीण. तिच्याकडे चहात साखर घालत नाहीत, साखरेत चहा घालतात. आबांनी दोन कप घेतले, कारण पहिला 'आल्याचा' आणि दुसरा 'निघाल्याचा'. तिथून पुढे प्रवरेचा मुलूख लागतो. दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस, रस्त्यात ट्रॉल्या, आणि हवेलासुद्धा गुळमट वास. देवळाली प्रवरेला नाना राहतात. ते बागाईतदार. नात्याचे नव्हेत, पण आबांनी त्यांच्या शेतात कितीतरी हंगाम ऊस तोडलेला. आबांनी आदल्या दिवशीच फोन करून ठेवलेला, त्यामुळे नाना फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. घरी गेल्यावर त्यांनी ताज्या काकवीचं (गूळ व्हायच्या आधीच्या पातळ पाकाचं) पातेलंच पुढे ठेवलं.

"तुज्या कोयत्यानं वाढलेला मळा हाय, आबा. तूच न्हाई खाल्लं तर कोनी खायाचं?"

आबांनी खाल्लं. दिसत नसल्यामुळे किती खाल्लं हे त्यांना कळलं नाही, आणि नानांनी सांगितलं नाही.

मुक्कामाला केडगाव. दवाखाना नगरात, आणि केडगाव नगर ओलांडून पुण्याच्या रस्त्याला. म्हणजे आम्ही दवाखान्यावरून पुढे गेलो, मुक्काम केला आणि सकाळी परत मागे आलो. तिथे आबांची चुलत बहीण बबीआत्या राहते. तिने गुळाच्या पोळ्या केल्या होत्या, वर तूप. सकाळी निघताना तिने उंबऱ्यातच आबांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. चांगल्या कामाला निघताना आमच्यात ती देतातच. माझ्या प्रत्येक परीक्षेला मी खाल्ली आहे. आबांनी चाटून हात धोतराला पुसला.

दवाखान्यात सिस्टरने आबांच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे बघितलं, यंत्र झटकलं आणि दुसऱ्या बोटाला टोचली.

"बाबा, काय खाऊन आलात?"

"काय न्हाई बाई. नुसतं दही."

"दह्याने एवढी वाढत नाही साखर."

मग आबांनी प्रामाणिकपणे कालपासूनचं सगळं सांगायला घेतलं. काकवीपर्यंत आले, तेव्हा सिस्टर खुर्चीवर बसल्या. पोळ्यांपर्यंत आले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या साखरेवर डोळ्याला हात लावता येणार नाही, जखम भरत नाही. साखर ताब्यात आणा, मग या.

आबांना साखरेचा त्रास आहे हे आम्हाला माहीत होतं. गावच्या आरोग्य केंद्रातून गोळ्याही चालू होत्या. पण घरी नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं आणि कोरा चहा. तिथे साखर वाढायला काही कारणच नव्हतं. तिथे तपासली तेव्हा अगदी शहाण्यासारखी होती.

आमच्या मागे रांगेत एक गृहस्थ होते. कडक इस्त्रीची टोपी, हातात पिशवीसुद्धा नाही. त्यांच्याही बोटाला टोचलं. त्यांचीही साखर वर. ते म्हणाले, "जिलबी खाल्ली राव सकाळी. बरं, उद्या येतो."

मी विचारलं, "कुठले तुम्ही?"

"हे काय, केडगावचा. लई लांब पडतं बगा. मदी सिग्नल लागतात."

ते रिक्षात बसून गेले. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. त्यांना आणि आबांना डॉक्टरांनी एकच गोष्ट सांगितली होती, अगदी त्याच शब्दांत. ते उद्या येणार होते. आम्ही परत केडगाव, देवळाली, संगमनेर, अकोले, राजूर करत बाजाराच्या दिवसाच्या जीपची वाट बघत घरी जाणार होतो. परतीच्या वाटेवर सगळ्या पाहुण्यांनी "काम न्हाई झालं? जाऊ दे, च्या घ्या" म्हणून पुन्हा साखर दिलीच.

उन्हाळा लागला तसे आबा गप्प राहू लागले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "पावसाळ्याच्या आत करा. मोतीबिंदू जास्त पिकला तर ऑपरेशन अवघड होईल." पावसाळ्यात आमचा ओढा फुगला की जीप महिना-महिना येत नाही. म्हणजे जायचं तर आत्ताच, आणि या वेळी साखर वाढली तर पुढचं कोणी सांगावं. आबांनी ते दाराआडून ऐकलं होतं. मला म्हणाले, "शितले, न्हाई झालं तर न्हाई झालं. ओट्याची सवय झालीय आता." त्यांना कसलीही सवय झालेली नव्हती. पहाटे उठून ते खाचराच्या बांधापर्यंत काठी टेकत जायचे आणि मुकाट्याने परत यायचे.

मी म्हटलं, "या टायमाला पाहुण्यांकडं जायचंच न्हाई. सरळ नगर."

आबा हादरले. "हौसाच्या दारावरनं तोंड लपवून जायचं? उद्या तुज्या लग्नाला कोन येईल? आन् ऱ्हायचं कुटं, फुटपातीवर?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी सगळ्यांना फोन करून टाकले. नंबर त्यांना पाठ आहेत. त्याला डोळे लागत नाहीत.

तेव्हा मी ठरवलं की माझं शिक्षण वापरायचं. संगमनेरला हौसामावशीने आधण ठेवलं, तोच मी स्पष्ट सांगितलं, "मावशी, आबांना शुगर हाय. साखर चालत न्हाई."

"आगं बया! आधी सांगायचं न्हाई व्हय?" मावशीने साखरेचा डबा लगेच फळीवर ठेवला. मला हायसं वाटलं. मग तिने गुळाचा डबा काढला.

"मावशी, गूळबी न्हाई चालत."

"गुळाला काय हुतंय? गूळ काय साखर हाय का?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. उसापासून सुरुवात केली, पचनातून गेले, रक्तापर्यंत पोचले. कॉलेजात तोंडी परीक्षेला दिलं नव्हतं असं उत्तर दिलं. मावशी हनुवटीला हात लावून ऐकत होती. मी थांबले तेव्हा डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "किती छान बोलती गं पोर! आईचं कष्ट फेडलंस बग." आणि कौतुकाने आणखी एक खडा टाकला.

कप आबांच्या हातात गेला होता. ओठांपर्यंत पोचणार होता. चहा टाकून देणं म्हणजे मावशीचा अपमान, आणि पिणं म्हणजे डोळ्याचा निकाल. मी आबांच्या हातातून कप ओढला आणि घटाघट पिऊन टाकला. मग माझाही प्यायले. मग 'निघाल्याचे' दोन्ही.

मावशी बघत राहिली. "तान लागली हुती व्हय, बाय?"

गाडीत आबांनी फडक्यातली नाचणीची भाकरी खाल्ली आणि खिडकीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "येक घोट द्याचा हुतास. तेवढ्यानं भागलं असतं."

"आबा, तुमाला कप तरी दिसला का?"

"वास दिसला."

देवळालीला मी पवित्रा बदलला. खरं बोलून काही उपयोग नसतो हे कळलं होतं. नानांच्या ओसरीवर पाय ठेवताच जाहीर केलं, "आज आबांचा उपास हाय."

"आज कसला उपास?" नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"नवसाचा. डोळ्यांसाठी."

नानांच्या बायकोने, काकूंनी, भक्तिभावाने हात जोडले आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या परात घेऊन. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, गुळातली रताळी आणि वर उसाचा रस. आपल्याकडे उपासाच्या दिवशी माणूस एरवीच्या दुप्पट खातो हे मी विसरले होते, आणि आठ दिवसांपूर्वी मी स्वतः तेच केलं होतं. आबांचा हात परातीकडे सरकत होता. त्यांना लाडू दिसत नव्हता, पण तो कुठे आहे हे त्यांना बरोबर कळत होतं.

मी परात माझ्याकडे ओढली. लाडू खाल्ले. रताळी खाल्ली. केळी खाल्ली. रसाचा पेला संपवला, तर काकूंनी तो भरला. तोही रिकामा करून आबांच्या पुढच्या भरलेल्या पेल्याशी बदलून घेतला.

नाना टोपी मागे सारून म्हणाले, "उपास बापाचा आन् फराळ लेकीचा! शितल, तुमच्या हॉस्टेलात जेवाय देत न्हवते व्हय गं?"

"शिकनाऱ्या पोरींना भूक लई लागती," आबा म्हणाले. पदवीची लाज राखायचा तो त्यांचा प्रयत्न होता. मी तोंड भरलेलं असल्यामुळे नुसती मान हलवली.

केडगावला पोचेपर्यंत आमच्या आधी माझी कीर्ती पोचली होती. मावशीने आत्याला फोन केला होता. आत्याने दारातच मला खालीवर बघितलं. "ये बाय, ये. घाबरू नको, तुज्यासाटी येगळं पातेलं केलंय." पातेलं आमरसाचं होतं. घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून माझी जी ओळख होती, ती संगमनेर ते केडगाव या टप्प्यात पुसली गेली आणि घराण्यातली पहिली खादाड म्हणून नवी झाली. आत्याच्या सुनेने माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला हळूच विचारलं, "हीच का ती?"

आबांनी मात्र तिथे कमाल केली. आत्याने वाटी पुढे केली, तेव्हा त्यांचा हात अर्ध्या वाटेपर्यंत गेला. पण म्हणाले, "बबे, डाक्टरनं सांगितलंय, डोंगरातलंच खायाचं." आणि फडकं सोडून शिळी भाकरी काढली. आत्या रुसली. तिची वाटी मी संपवली आणि तिचा रुसवा काढला. पोटात चहा, रस, रताळी आणि आमरस यांचं भांडण चाललं होतं. मी भिंतीला टेकून बसले.

सकाळी मी पिशवी उचलून चपला घालत होते. आता फक्त उंबरा ओलांडायचा होता. मागे वळले तर आत्याने आबांच्या तळहातावर दही-साखर ठेवलेली. साखर वरून चांगली मूठभर. मागच्या वेळी काम झालं नव्हतं, म्हणून या वेळी शकुन जास्त. आणि आबांचा हात सवयीने तोंडाकडे निघालेला.

ओरडायला वेळ नव्हता. मी एक चप्पल पायात, एक हातात अशी धावले, आबांचा हात मनगटाशी धरला आणि तळहात चाटून साफ केला.

सुनेने पदर तोंडाला लावला.

"आगं ए!" आत्या ओरडली. "बापाच्या हातावरचं? शकुन त्याचा हुता, तुजा न्हवता! आता ह्याचा डोळा बरा व्हायचा तर तुजा हुईल!"

आबा मात्र हसायला लागले. किती दिवसांनी मी त्यांना असं पोट धरून हसताना बघत होते. "जाऊ दे बबे," ते म्हणाले, "शकुन घरातच ऱ्हायला."

मग मात्र मी उंबऱ्यातच आत्याला सगळं सांगून टाकलं, काकवीपासून आमरसापर्यंत. आत्या खाली बसली. म्हणाली, "आगं मग कालच सांगायचं न्हाई का? पिठलं टाकलं असतं!"

दवाखान्यात सिस्टरने आबांना ओळखलं. "काकवीवाले बाबा ना?" त्यांनी बोटाला टोचलं, यंत्राकडे बघितलं. आबांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांचा तळवा घामाने ओला झाला होता. ओट्याची सवय झालेल्या माणसाचा हात असा नसतो.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "आज होईल."

त्याच क्षणी माझ्या पोटातल्या आमरसाने निर्णय घेतला आणि मी तोंडावर हात ठेवून मोरीकडे पळाले. परत आले तेव्हा सिस्टर मला खुर्ची देत विचारत होत्या, "तुमच्यात पेशंट नक्की कोण?"

दुपारी ऑपरेशन झालं. चहा गार होईपर्यंत आटोपलं म्हणायला हरकत नाही, पण चहाचं नाव मला ऐकवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आबांनी डोळा मिचकावला, छताकडे बघितलं, फिरत्या पंख्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ बघत राहिले. मी रडायच्या तयारीत होते.

"शितले," ते म्हणाले, "तुज्या वढणीला ते पिवळं काय लागलंय?"

"आमरस, आबा."

"बबीचा? चांगला दाट दिसतोय." आणि मग तोंड फिरवून, "मला वास बी घेऊ दिला न्हाईस."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण रस्त्यावरची एकही पाटी त्यांनी सोडली नाही. मोठ्याने वाचत होते, रसवंतीगृह, ट्रॅक्टर दुरुस्ती, सलून, पुन्हा रसवंतीगृह. कंडक्टर म्हणाला, "बाबा, स्टॉप मी सांगतो की." आबा म्हणाले, "सांग, मी बी सांगतो." अकोले सोडल्यावर समोर डोंगर उभे राहिले, तेव्हा त्यांनी पाट्या सोडल्या आणि गळ्यातलं उपरणं काढून काळ्या चष्म्याखालचे गाल पुसले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तेवढं त्यांनी पाळलं.

मी त्या गाडीत विचार करत होते. डॉक्टर चांगले, सिस्टर चांगल्या, ऑपरेशन फुकट, सगळ्यांना सारखं. पण केडगावचा माणूस दवाखान्यात जातो आणि आमच्या वाडीतला माणूस दवाखान्याच्या प्रवासाला जातो. त्या प्रवासात त्याला कोणी अडवत नाही. उलट सगळे प्रेमाने बसवून घेतात आणि ताट वाढतात. तरी तो पोचेपर्यंत त्याचा आजार वाढलेला असतो. लांब राहणं म्हणजे काय, हे मला पुस्तकात कोणी असं शिकवलं नव्हतं. ते मी पोटाने शिकले. अजून मला आमरस चालत नाही.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आत्याने पिठलं केलं, मावशीने कोरा चहा दिला. नानांनी मात्र विचारलं, "थोडी काकवी?" आणि आबांनीच त्यांना पचनापासून रक्तापर्यंत सगळं समजावून सांगितलं.

आबांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. यंदाची आवणी त्यांनी स्वतः केली, आमच्याच खाचरात.